शंभूरावांचं नाक

म्हैसूरच्या इट्टिगेगुडमधल्या शंभूराव जगतापांना आयुष्यात धक्के काही कमी बसले नव्हते. कडकोळचा कारखाना एका सकाळी कुलूप लावून मोकळा झाला, तो एक. मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथलाच होऊन बसला, तो दुसरा. पण गेल्या खंडेनवमीला स्वतःच्या अंगणात, दिवसाढवळ्या, चार माणसांच्या देखत त्यांना जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही. आजही चहा पिता पिता मध्येच थांबतात, कप तसाच हातात राहतो, आणि म्हणतात, "काय बघितलं नाही मी! अय्यो देवा, काय काय बघितलं नाही!"

जगतापांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. घोडे गेले, फौज गेली, घरात उरली ती पणजोबांची एक तलवार आणि कानडीत बुचकळून काढलेली मराठी. शंभूरावांच्या वाट्याला आल्या त्या नळ्या. कडकोळला तीस वर्षं त्यांनी पाईप वाकवले. कारखाना बंद झाल्यावर घरामागे पत्र्याचं शेड टाकलं आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या नि पेट्रोलच्या नळ्या बनवायला घेतल्या. ज्या गाडीचा सुटा भाग कंपनीने बनवायचंच सोडून दिलं, ती गाडी शेवटी त्यांच्या दारात येई. जुनी नळी ते न तोडता अख्खी बाहेर काढत, जमिनीवर निजवत, तिच्या वळणाप्रमाणे जाड तार वळवत आणि त्या तारेवरून नवी नळी. घाई नाही, बडबड नाही. तोंडात सुपारी आणि डोळे वळणावर.

पण त्यांचं नाव झालं होतं ते हातामुळे नव्हे, नाकामुळे. पेट्रोलचा एक थेंब कुठे सुटला तरी शंभूरावांना तो दहा पावलांवरून कळे. एका लग्नात ते पानावरून उठले, हात तसाच खरकटा, आणि बाहेर जाऊन नवऱ्यामुलाच्याच गाडीखाली वाकले. गळती होतीच. मंडळींनी पानं तशीच सोडून टाळ्या वाजवल्या म्हणतात. तेव्हापासून येलवालपासून नंजनगूडपर्यंतचे मेकॅनिक गाडी पुरी झाली की म्हणायचे, "जगताप मामांचं नाक लावून घे एकदा." आणि मामा येत, नाक वर करून दोनदा हुंगत, मान डोलवत. बस्स. त्या मान डोलवण्यावर लोक बायकापोरांना गाडीत बसवत.

ते नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. नवराबायको दोघंही तापाने पडले. ताप उतरला, गोदावरीबाई उठून कामाला लागल्या, शंभूरावही उठले, पण कॉफीला वास नाही, साबणाला नाही, पेट्रोलच्या डब्यात तोंड घातलं तरी नाही. पाण्याचाच डबा जणू! डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो. चार वर्षं वेळच लागत होता.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. लाज होतीच, पण लाजेपेक्षा भीती मोठी. नाक गेलेला शंभूराव म्हणजे कोण? कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसणारा आणखी एक म्हातारा. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, इंजिन चालवायचं, कागद सुका निघाला की काम झालं. ही युक्ती एकट्याने, शेडचं दार लोटून. लोकांसमोर मात्र जुनंच नाटक. नाक वर, दोनदा हुंगणं, मान डोलवणं. चार वर्षांत एक तक्रार आली नाही. शंभूरावांना मनातून वाटे, जगाला काय छान गंडवलंय आपण!

गोदावरीबाई शेडमध्ये दिवसातून दोनदा चहा घेऊन येत. त्यांची एक खोड होती. दारातच कप द्यायचा सोडून त्या गाडीभोवती एक चक्कर मारत. आज पाणी आलं नाही, अमकीच्या सुनेला दिवस गेले, असं काहीबाही बोलत. मग कधीतरी थबकून म्हणत, "अहो, ह्या बाजूचं परत एकदा आवळा न्हवं. सुम्ने, उगीचच, मनाला बरं वाटेना झालंय."

"मशीनला मन असतंय काय ग?" शंभूराव वैतागत. पण तिचं तोंड बंद व्हावं म्हणून पाना फिरवत. पाना कधी कधी अर्धा वळसा आत जाई. ते म्हणत, योगायोग!

तर अशात ती कॉन्टेसा आली.

तिचा मालक त्र्यंबक हा नाशिकचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी बायको मृदुला आणि सात वर्षांची स्पृहा यांना घेऊन म्हैसूरला आला आणि इथलाच भाडेकरू झाला. हुणसूरकडच्या एका मळ्यात ही लांबोडकी गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी सडत पडलेली त्याने पाहिली, आणि माणूस पागल झाला. इंजिन पार थकलेलं. येलवालच्या बिंदुमाधवने, जो शंभूरावांना मामा म्हणे आणि गुरुस्थानी माने, रीतसर परवानगी घेऊन त्या गाडीत दुसरं नव्या चालीचं इंजिन बसवलं. बसलं झकास. पण पेट्रोल पोचवायचं कसं? जुनं इंजिन पेट्रोल सावकाश चोखून घ्यायचं. नव्याला ते टाकीतल्या पंपाने जोरात ढकलून लागतं, आणि उरलेलं टाकीत परत न्यायला दुसरी नळी लागते. जुन्या नळ्या गंजून पापड झालेल्या. नव्या मिळायच्या कुठून? गाडी बनणं बंद होऊन वीसेक वर्षं झालेली. त्र्यंबकने चेन्नई धुंडाळलं, कोइमतूर धुंडाळलं, रात्री रात्री इंटरनेट धुंडाळलं. शेवटी गाडी दोराने ओढत इट्टिगेगुडला आली.

"काका, नवमीला हिची पूजा करायचीय. होईल ना?" त्र्यंबकने विचारलं.

"होतंय की. सुम्ने निवांत बसा तुम्ही," शंभूराव म्हणाले.

त्या दोन नळ्या वाकवताना शंभूराव तरुण झाले होते. टाकीपासून इंजिनपर्यंत एकसंध पोलादी नळी, कुठे चिमटा नाही, कुठे सुरकुती नाही. नळीचं तोंड फुलवून त्यावर नट आवळताना ते चक्क गुणगुणत होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात गोदावरीबाईंना टी. नरसीपूरला जावं लागलं. बहिणीच्या नातीचं बारसं.

निघताना त्या दारात घुटमळल्या. "कॉन्टेसा मी आल्यावरच चालू करा, आयतु? कळलं न्हवं?"

"का ग?"

"पहिली आरती मी ओवाळीन म्हणून. नवमीला सकाळी येतेच मी."

"बरं बरं," म्हणून शंभूरावांनी वाटेला लावलं. बायकांना प्रत्येक गोष्टीत आरती लागते, असं मनाशी म्हणाले आणि विसरले.

अष्टमीच्या संध्याकाळी शेवटचा जोड आवळून झाला. बिंदुमाधव बॅटरी घेऊन आला. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं! शंभूरावांनी सगळ्या जोडांना कागद गुंडाळून पाहिले. खडखडीत सुके. बिंदुमाधवसमोर नाक वर करून दोनदा हुंगलं, मान डोलवली. त्यांचा एक नियम होता. नवी नळी पहिल्यांदा गरम होऊन थंड झाली की दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे. धातू गरम होतो, बसतो, नट किंचित सैल पडतो. चाळीस वर्षांत हा नियम त्यांनी चुकवला नव्हता.

पण त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात भलतंच आलं. बायको सकाळी दमून येणार, तिला एकदा तयार पूजा दाखवू. दर वर्षी नवमीला दुपारी काम आटपल्यावर गोदावरीबाई हत्यारं मांडत. यंदा शंभूरावांनी स्वतः सगळे पाने घासले, पुसले, पाटावर लाल कापड घातलं, मधोमध पणजोबांची तलवार आणि दोन्ही बाजूंना पाने, पक्कड, नळी वाकवायचं यंत्र. गंध लावलं, फुलं वाहिली, दिवा लावला. आणि जगतापांच्या घरात घोडदळापासून चालत आलेली रीत अशी की हत्यार एकदा पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत उठवायचं नाही. शत्रू वेशीत आला तरी नाही, असं आजोबा सांगत. शत्रू काही कधी आला नाही, त्यामुळे रीत टिकली.

सकाळी अंघोळ करताना शंभूरावांना दुसरं आवळणं आठवलं.

ओल्या अंगाने ते पाटासमोर येऊन उभे राहिले. हवा तो पाना समोरच होता, कपाळाला कुंकू लावून. हात पुढे गेला आणि मागे आला. शेजाऱ्याकडून पाना मागावा तर त्या दिवशी अख्ख्या म्हैसुरात मोकळा पाना कुणाकडे असणार? सगळेच फुलं वाहून बसलेले. उद्या दसऱ्याला पाना उठवला की पहिलं काम हेच करू, असं त्यांनी ठरवलं. एका दिवसाने काय होतंय? कागद तर सुका होता.

त्र्यंबकची मंडळी नऊ वाजायच्या आत आली. बिंदुमाधवही नवा शर्ट घालून आला. गाडी धुतली, पुसली, झेंडूची माळ घातली, बॉनेटवर गंधाचे पट्टे ओढले, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी धुतल्याने अंगण सगळं ओलं झालं होतं. धूप घुमत होता. बिंदुमाधव म्हणाला, "नवं इंजिन आहे, मामा. पहिल्या आरतीला ते चालू पाहिजे." सगळ्यांना पटलं. मृदुला स्टिअरिंगवर बसली, स्पृहा तिच्या शेजारी नव्या परकरात. इंजिन लागलं आणि ते घुमणं ऐकून त्र्यंबकच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोदावरीबाईंचा पत्ता नव्हता. बसला उशीर झाला असणार. मुहूर्त टळतो म्हणून शंभूरावांनीच कोहळा हातात घेतला. त्याच्या माथ्यावर कापराची मोठी वडी ठेवली, पेटवली, आणि जळता कोहळा घेऊन गाडीची दृष्ट काढायला निघाले.

पहिल्या फेरीला त्र्यंबकने नाक किंचित आक्रसलं आणि शंभूरावांकडे पाहिलं. ते हसले. तोही हसला.

दुसऱ्या फेरीला बिंदुमाधव पुढच्या चाकापाशी अवघडून उभा होता. त्याने नाकाला हात लावला, शंभूरावांकडे टक लावून पाहिलं, मग हात जोडले. शंभूरावांना वाटलं, पोराची भक्ती मोठी!

तिसऱ्या फेरीला ते बॉनेटपाशी थांबले. कोहळा खाली-वर ओवाळायचा आणि मग पुढे आपटायचा. कापूर चांगला पेटला होता. त्यांनी कोहळा चाकापर्यंत खाली नेला.

"अय्यो! कापूर विझवा! विझवा तो!"

फाटकात रिक्षा थांबली होती. गोदावरीबाई रिक्षातून अर्ध्या उतरलेल्या, पिशवी तिथेच पडलेली. पासष्टीची ती बाई, गुडघे धरून जिना चढणारी, अंगणातून धावत आली. शंभूरावांना काही कळायच्या आत तिने उघडा तळहात जळत्या कापरावर दाबला आणि तसाच दाबून धरला. कोहळा हातातून निसटला, फुटला. तिने पायाने तुकडे लांब लोटले.

"गाडी बंद कर ग! पोरीला घेऊन बाहेर पड आधी! धूप काढा तो इथून!"

मृदुलाने किल्ली फिरवली आणि स्पृहाला ओढून बाहेर काढलं. त्र्यंबकने धुपाचं भांडं उचलून रस्त्यावर नेलं. बिंदुमाधव त्या नव्या शर्टानिशी चिखलात आडवा झाला आणि गाडीखाली सरकला.  खालून त्याचा आवाज आला, फाटलेला.

"मामा, गळतंय. धार आहे हो. इंजिनच्या मागचा जोड."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा हात मनगटापर्यंत पेट्रोलने निथळत होता. ओल्या अंगणात पेट्रोल कुठपर्यंत पसरलं होतं कोण जाणे. शंभूरावांनी खाली पाहिलं. ते त्याच ओलीत अनवाणी उभे होते. हातात आगीचा गोळा घेऊन तीन वेळा त्यातूनच फिरले होते. आणि काचेपलीकडे ती पोर त्यांना हात हलवत होती.

  ते शेडच्या पायरीवर बसले.

"मला वास येत होता," त्र्यंबक स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पहिल्यापासून येत होता. मी काकांकडे बघितलं. काका हसले. मला वाटलं, नवीन काम आहे, असा येत असेल."

"मी काच वर करणार होते," मृदुला म्हणाली. तिने स्पृहाला इतकं घट्ट धरलं होतं की पोर रडायला लागली. "एवढा उग्र वास. पण म्हटलं, शंभूकाका शेजारी आहेत."

 मग बिंदुमाधव एकदम म्हणाला, "मी मेकॅनिक आहे, मामा. वीस वर्षं हेच करतोय. मला कळलं होतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या नाकासमोर माझं नाक काय, म्हणून मी हात जोडले!"

शंभूराव ऐकत होते. सगळ्यांना वास आला होता. एकूण एक माणसाला. आणि एकूण एक माणूस त्यांच्याकडे बघून गप्प बसला होता. आपण नुसता वास घेऊ शकत नाही एवढंच त्यांना आजवर वाटत होतं. आपण उभे राहिलो की दुसऱ्यांचीही नाकं बंद होतात, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पण काका," त्र्यंबकचा आवाज चढला, "तुम्हाला कसा नाही आला?"

"पडसं झालंय त्यांना," गोदावरीबाई चटकन म्हणाल्या. भाजलेला हात पदरात गुंडाळलेला. "दोन दिवस झाले. नाक गच्च बंद आहे. मी फोनवर ओरडलेही, वाफ घ्या म्हणून. ऐकतात कुठे!"

शंभूरावांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्यांना पडसं नव्हतं. फोनवर वाफेचं कुणी बोललं नव्हतं. आणि हे खोटं इतकं सरळ, इतकं तयार होऊन बाहेर आलं होतं की ते आज सुचलेलं नव्हतं. ते कधीचं करून ठेवलेलं होतं, लागेल तेव्हा काढायला. तिला माहीत होतं! मघाच्या आगीने जेवढे हादरले नव्हते तेवढे ते आता हादरले.

"पडसं नाही कणे," ते बायकोला म्हणाले, मग त्र्यंबककडे वळले.  "त्र्यंबकराव, मला वास येत नाही. कोरोनात गेला. चार वर्षं झाली. मी नुसती मान हलवतो."

 बिंदुमाधव मागे सरकला. त्र्यंबक बायकोला आणि मुलीला घेऊन फाटकातल्या त्याच रिक्षात बसला. गाडी माळ घातलेली तिथेच राहिली. थोड्या वेळाने बिंदुमाधवही गेला, पाया न पडता.

स्वयंपाकघरात गोदावरीबाई नळाखाली हात धरून बसल्या. तळहाताला फोड आले होते. शंभूरावांनी कोरफडीचं पान कापून आणलं आणि गर काढून लावायला घेतला. 

"कधी कळलं तुला?"

"त्याच वर्षी. फोडणी जळून कोळसा झाली, घरभर धूर, आणि तुम्ही चुलीशेजारी पेपर वाचत बसलेले. राशिभविष्य."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?" त्यांनी हात ओढून घेतला. "बोलले असते तर तुम्ही शेडला कुलूप लावलं असतं. पोरगा तिकडेच राहणार म्हणाला तेव्हा महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजला होता तुम्ही. ते परत बघायचं नव्हतं मला. म्हटलं, त्यांना नाही ना येत वास, मला येतोय की. चहा घेऊन जाते, एक चक्कर मारते. काय जातंय?"

शंभूरावांच्या डोळ्यांसमोरून चार वर्षांचे चहा एकामागून एक गेले. ती चक्कर. ती बडबड. सुम्ने मनाला बरं वाटेना झालंय. त्यांचे ते योगायोग.

"कागद पुरतो असं वाटत होतं मला," ते कसेबसे म्हणाले.

"कागद!" गोदावरीबाई हसल्या आणि मग एकाएकी रडायलाच लागल्या. "कौतुक नका करू माझं. पाप केलंय आपण. दोघांनी मिळून. आज ती पोर..."  शंभूराव त्यांच्या भाजलेल्या हातावर गर लावत राहिले.

दसऱ्याच्या सकाळी शंभूरावांनी पाटासमोर नमस्कार केला, तलवार उठवली, बाजूला ठेवली, आणि पाना घेऊन सरळ गाडीखाली गेले. तो नट पाऊण वळसा आत गेला. चाळीस वर्षांचा नियम पाऊण वळशाने हुकला होता. बाकीचेही त्यांनी एकेक करून आवळले. गाडी ओढून न्यायला त्र्यंबक येईल, दोन शब्द सुनावेल, मग आपण शेडला कुलूप लावू, असं त्यांनी रात्रीतून ठरवून ठेवलं होतं.

त्र्यंबक आला, पण दोर न घेता. त्याच्या मागे बिंदुमाधव, मान खाली घालून. त्र्यंबकचे डोळे जागरणाने लाल.

"काका, रात्रभर मला तुमचा राग येत होता," तो म्हणाला. "अजूनही आहे. पण वास मलाही आला होता, आणि आत माझी मुलगी बसली होती. मी गप्प कसा बसलो, याचं उत्तर मला सापडत नाहीये." मग घुटमळत म्हणाला, "काकूंनी बघून सांगितलं तर मी गाडी घेऊन जाईन. काकूंनीच."

शंभूरावांनी घराकडे पाहून हाक मारली. चार वर्षांत पहिल्यांदाच, चहासाठी नाही.

गोदावरीबाई हाताला फडकं बांधून बाहेर आल्या. बिंदुमाधवने इंजिन चालू केलं. त्या गाडीकडे निघाल्या आणि अर्ध्यात थांबल्या. बऱ्या हाताने त्यांनी अंबाड्यात माळलेला मल्लिगेचा, मोगऱ्याचा, गजरा काढला, बारशात बहिणीने माळलेला, आता कोमेजायला आलेला. तो शेडच्या कठड्यावर ठेवला आणि मग गाडीभोवती फिरायला लागल्या. बडबड नाही, सुनेच्या गोष्टी नाहीत. वाकून, थांबून, डोळे मिटून.

"गजरा कशाला काढलास ग?" शंभूरावांनी विचारलं.

"मल्लिगे डोक्यात असली की दुसरा वास लागतोय काय नीट?" त्या सहज म्हणाल्या, गाडीखाली वाकल्या वाकल्या. "काल गजऱ्यासकट फाटकात वास आला. तेवढं गळत होतं, म्हणून कळलं. एरवी थेंबभर असतं, ते लागत नाही. म्हणून तर सोडली फुलं."

शंभूराव पाना घेऊन उभेच राहिले.

लग्न होऊन या घरात आल्यापासून ही बाई रोज संध्याकाळी फुलं माळायची. फुलवाली नागरत्ना फाटकात थांबायची, हातभर माळ मोजून द्यायची. बायको बाजारातून येताना आधी फुलांचा घमघमाट यायचा, मग ती. चार वर्षं तिचं डोकं रिकामं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर, दिवसातून दोनदा, चहाच्या कपामागे. नाक गेलं होतं, डोळे तर होते ना! नागरत्ना फाटकावरून सरळ पुढे जाते हे त्यांनी पाहिलं होतं, आणि फुलं महागली असतील म्हणून सोडून दिलं होतं.

"वास नाही," गोदावरीबाई उठून म्हणाल्या. "न्या गाडी."

त्र्यंबकने त्यांच्या पायांना हात लावला. बिंदुमाधवनेही लावला. मग तो शंभूरावांकडे वळला, क्षणभर थांबला, आणि वाकला. कॉन्टेसा घुमत फाटकाबाहेर पडली. शंभूरावांनी कठड्यावरचा गजरा उचलला, दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि छाती भरून हुंगलं. पुन्हा हुंगलं. काहीच नाही. तेव्हा मात्र त्यांना रडू आवरेना.

त्या संध्याकाळी ते फाटकात उभे होते. नागरत्ना टोपली घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाली.

"नागरत्ना, थांब."

"अम्माला बेडा न्हवं?" ती म्हणाली. "नको म्हणून सांगितलंय त्यांनी."

"आजच्यापुरतं शेड बंद झालं आता," शंभूराव म्हणाले. "रोज ह्या वेळेला बंद होईल, मग अम्माला वास घ्यायचा नाही. तू थांबत जा."